राक्षसाची फाटकी बाही

आप्पांचं टिपण तीन पानांचं होतं, आणि शेवटचा परिच्छेद सोडला तर त्यात लाल पेन उचलावं असं काही नव्हतं.

वहिनीनं ती तीन पानं जेवणाच्या टेबलावर मांडली होती. घरात कोणाचा अर्ज असो, दुकानाचं पत्रक असो, नाहीतर दिराच्या लिफ्टमध्ये लावायची सूचना असो, कागद शेवटी तिच्यापुढे येऊन पडायचा. एका छापखान्यात प्रुफं वाचण्यात तिची उभी हयात गेली होती. टिपण सांगितलं होतं आप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, आणि लिहून घेतलं होतं नणंदेनं. आप्पांना आता लिहिता-वाचता येत नव्हतं. नजरेच्या मधोमध धूर बसला होता आणि कडेकडेनं तेवढं दिसत होतं. थोरल्या मुलाचं चष्म्यांचं दुकान असून त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता, हे आप्पा आल्या-गेल्याला हसून सांगत आणि थोरला दर वेळी कसनुसा होई.

चार वाजता सिनेमांच्या संग्रहालयातून एक बाई येणार होत्या. घरातल्या जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमाचे सहा डबे बघायला, आणि सगळ्यांचं एकमत झालं तर घेऊन जायला. टिपण त्यांच्यासाठी होतं. शेवटचा परिच्छेद असा होता :

"सिनेमा बनवणाऱ्यांनी पाचव्या रिळात अक्षम्य ढिलाई केली आहे. चौथ्या रिळात तळ्यात बुडून मेलेला राक्षस पाचव्या रिळात, कसलाही खुलासा न करता, जेवणाच्या टेबलाशी हजर होतो. ही चूक मी स्वतःचा संवाद घालून निस्तरली आहे. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एकही रीळ उलटसुलट लागलेलं नाही, हे येथे नमूद करतो."

वहिनीनं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. या घरात एक रीळ उलटसुलट लागलं होतं. खरं तर दोन. ते तिला लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं, आणि त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. चार वाजता येणारी बाई या कामातलीच होती. तिला ते पाच मिनिटांत कळलं असतं, आणि तेही आप्पांच्या तोंडासमोर.

सिनेमा कुठल्यातरी परक्या भाषेतला. आप्पा ज्या थिएटरात यंत्र चालवत ते बंद पडलं तेव्हा मालकानं छोट्या प्रोजेक्टरवरची ही प्रत त्यांना निरोपाची भेट म्हणून दिली. भाषेचं अक्षर कोणाला कळेना. मग आप्पांनी आवाजच बंद केला आणि स्वतः संवाद रचले. तेव्हापासून वर्षातून एका रविवारी दुपारी पडदे ओढायचे, भिंतीवर चादर ताणायची आणि ज्याचा त्याचा आवाज ज्यानं त्यानं काढायचा, असा रिवाज पडला.

गोष्ट अशी की, एका डोंगरावरच्या हॉटेलामागे तळं असतं. तळ्यातून एक राक्षस वर येतो. सात फूट उंच, अंगावर शेवाळ, आणि मन एखाद्या शाळकरी पोरासारखं. मालकीणबाई विचार करतात की हा असाच हिंडला तर गिऱ्हाईक पळून जाईल, त्यापेक्षा त्याला कपडे शिवू. म्हणून गावातला शिंपी बोलावतात. शिंपी भित्रा. त्याला सांगितलेलं असतं की पाहुणे जरा उंच आहेत. तो गळ्यात टेप टाकून येतो आणि राक्षसाला गुदगुल्या होतात. काखेत टेप गेली की राक्षस हसतो, राक्षस हसला की झुंबर पडतं, झुंबर पडलं की शिंपी माप विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून. हा प्रकार सलग सहा मिनिटं चालतो. वहिनी तशी गालातल्या गालात हसणारी बाई, पण त्या सहा मिनिटांत तिच्या पोटात दर वर्षी कळ यायची.

थोरला, म्हणजे तिचा नवरा, ज्याला घरात सगळे दादा म्हणत, तो शिंपी. नणंद, जिला ताई म्हणत, ती मालकीणबाई. ताईची बेकरी होती, पहाटे तीनला भट्टीपाशी उभं राहून तिचा आवाज घोगरा झालेला, तो मालकीणबाईंना झकास शोभायचा. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो वेटर, पोलीस, कुत्रा आणि दार करकरण्याचा आवाज. वहिनीला नवी नवरी म्हणून पहिल्या वर्षी मिळाली ती गर्दी. लोक किंचाळतात तिथे किंचाळायचं. आणि राक्षस होत्या सासूबाई. हडकुळ्या, साडेचार फुटांच्या, आवाज बारीक. त्या आवाजात राक्षस बोलायला लागला की बघणारा खलास.

आप्पा त्यांना वर्षभर राक्षसच म्हणत. "राक्षसा, माझा रुमाल कुठेय?" असं. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यानंतर राक्षसाचे संवाद वहिनीकडे आले, तसं ताईनंच ठरवलं. सिनेमाच्या दिवशी घरात एकमेकांना आपापल्या पात्रावरून हाक मारत. दादाला शिंपी, ताईला मालकीणबाई. वहिनीला मात्र आप्पांनी त्या नावानं कधी हाक मारली नाही. तिला ते समजत होतं. तरी दर वर्षी त्या दुपारी ती हाकेकडे कान लावून असायची, हेही खरं.

पहिल्या वर्षी तिच्या नजरेत भरली ती बाही. तळ्याच्या प्रसंगात लोक मशाली घेऊन मागे लागतात आणि राक्षस पाण्यात उतरतो, तेव्हा त्याच्या नव्या कोटाची उजवी बाही खांद्यापाशी फाटून लोंबत असते. पुढच्या रिळात, जेवणाच्या प्रसंगात, तीच बाही धडधाकट. आणि तिथे तो एका म्हाताऱ्या बाईबरोबर नाचायला लागतो आणि नाचता नाचता बाही टर्रकन फाटते. तिला तिथेच कळलं. दुसऱ्या वर्षी ती खात्रीसाठी बाहीवरच डोळा ठेवून बसली. चौथा डबा पाचवा होता आणि पाचवा चौथा.

आणि नेमकं त्याच सांध्यावर घरातलं सगळ्यात मोठं हसू होतं. बुडालेला राक्षस कोरड्या कोटात जेवायला येऊन बसतो तेव्हा आप्पांनी त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य होतं, "पाण्यानं मला काही होत नाही हो. साबणानं होतं." सासूबाई ते इतक्या शांतपणे म्हणत की धाकटा दर वेळी खुर्चीवरून खाली.

ती बोलली नाही. त्याला एक कारण होतं. लग्नानंतर आठवड्याभरात तिनं दादाच्या दुकानाच्या पाटीवर फोनचे दोन आकडे उलटे पडलेले दाखवले होते. पाटी आप्पांनी स्वतः रंगवलेली. त्यांनी त्याच संध्याकाळी शिडी लावून आकडे नीट केले आणि दोन दिवस कोणाशी चकार शब्द बोलले नाहीत. त्यानंतर या माणसाची चूक काढायची नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

आता स्वयंपाकघरात तिघं भावंडं जमली होती. ताईनं येताना पावांची टोपली आणि केक आणला होता आणि ती सुरी जरा जास्तच जोरानं चालवत होती.

"वास बघितलास का डब्यांचा?" दादा म्हणाला. "व्हिनेगरची बाटली फुटल्यासारखा. अजून दोन वर्षांत चिकट गोळा होईल त्याचा. त्यांच्याकडे थंड खोली आहे, माणसं आहेत. देऊन टाकू."

"तुझ्या दुकानातली गोष्ट आहे का, देऊन टाकू म्हणायला?" ताई म्हणाली. "आईचा आवाज आहे त्यात."

"ताई, त्यात आईचा आवाज नाही. त्यात कोणाचाच आवाज नाही. आवाज आपण काढतो."

"मग देऊन टाक! मुकाच देऊन टाक!"

धाकटा स्टुलावर चढून चादरीची दोरी तपासत होता. "मला वाटतं दादा म्हणतो ते बरोबर आहे," तो म्हणाला. ताईनं नुसतं वळून बघितलं. "म्हणजे तसं ताईचंही बरोबर आहे," तो म्हणाला. धाकट्याचं हे नेहमीचंच. लिफ्टवाला माणूस, जो बटण दाबेल त्याच्याकडे जाणार.

वहिनी हातात टिपण घेऊन दारात आली. "मला तुम्हां तिघांशी बोलायचंय," ती म्हणाली. "दार लोटून घ्या."

तिनं जे होतं ते चार वाक्यांत सांगितलं. बाही, तळं, नाच, डबे. 

पहिला बोलला धाकटा. "म्हणजे राक्षस मरतो?"

"हो."

"शेवटी? मरतो आणि परत येत नाही?"

"नाही येत."

चव्वेचाळीस वर्षांचा तो माणूस स्टुलावरून उतरला आणि त्याच स्टुलावर बसला.

"वहिनी," ताई म्हणाली, "हे तुला आजच सापडलं?"

"नाही. मी आले त्या वर्षी."

"एकतीस वर्षं?" ताईनं सुरी खाली ठेवली. "आणि तू आमच्याशेजारी बसून दर वर्षी खदाखदा हसत होतीस? मनात म्हणत असशील, काय येडं खानदान आहे."

"तसं नव्हतं ते."

"मग कसं होतं?"

वहिनीनं हातातलं टिपण ओट्यावर ठेवलं.  दादा चष्मा पुसत होता, जो आधीच स्वच्छ होता. "मलाही नाही सांगितलंस," एवढंच तो शेवटी म्हणाला, आणि ताईच्या ओरडण्यापेक्षा ते तिला जास्त लागलं.

"तुला सांगितलं असतं तर तू आप्पांना सांगितलं असतंस," ती म्हणाली.

"नसतं सांगितलं."

"तासाभरात सांगितलं असतंस."

ते खरं असल्यामुळे दादानं विषय बदलला. "हे बघ. यात अवघड काय आहे? तो परिच्छेद खोडून टाक. आप्पांना काही वाचता येत नाही. त्या बाईंना मी बाजूला घेऊन सांगतो, डबे बदललेत म्हणून. आप्पांच्या कानावर जायचं कारणच नाही."

"मी वाचून दाखवीन त्यांना," ताई म्हणाली, "आणि तो परिच्छेद पाठ आहे मला. तोंडानं म्हणेन, कागदावर नसेल."

दहा मिनिटांपूर्वी एकमेकांचे गळे धरणारी दोघं आता खांद्याला खांदा लावून उभी होती. वहिनीनं हे या घरात पुष्कळदा पाहिलं होतं. आप्पांपासून काही लपवायचं म्हटलं की या भावंडांची एकी बघण्यासारखी असे.

"मला ते जमणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"लिहिणाऱ्याला न विचारता मी त्याचं वाक्य खोडत नाही. शंका असली तर समासात लिहायची आणि त्याच्याकडे पाठवायची. मग त्यानं ठरवायचं."

"अगं, हा छापखाना आहे का?" दादाचा आवाज चढला. "त्र्याऐंशी वर्षांचा माणूस आहे तो. थिएटर गेलं, आई गेली, डोळे गेले. एकही रीळ चुकलं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी राहिलीय. ती पण काढून घ्यायची?"

"चार वाजता ती काढून घेतली जाणारच आहे. आप्पा तोंडानं सांगणार त्या बाईंना, तुला माहीत नाही का? ती बाई परकी आहे. ती हसेल."

"आणि तू परकी नाहीस?" ताई म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं असावं, कारण तिनं केकचा एक तुकडा उगीचच दुसऱ्या ताटलीत ठेवला.

वहिनीनं टिपण उचललं. "तेच विचारायला चाललेय," ती म्हणाली.

आप्पा पुढच्या खोलीत प्रोजेक्टरपाशी बसले होते. फिल्म जाते ती खाच मऊ फडक्यानं पुसत होते. डोळ्यांनी कधीच करता आलं नसतं इतकं नीट ते बोटांनी करत. सहा डबे उजव्या हाताला उतरंडीनं रचलेले, वरच्यावर एकचा आकडा, खाली दोन, असे. आकडे त्यांच्याच हातचे, काळ्या रंगात.

"झालं वाचून?" त्यांनी विचारलं. पावलांवरून त्यांना माणूस कळायचा.

"झालं. एक शंका आहे, आप्पा."

"काढ."

"शेवटच्या परिच्छेदात."

"तो तर सगळ्यात चांगला जमलाय."

"जमलाय चांगला," ती म्हणाली.  छापखान्यात भल्याभल्या प्राध्यापकांना तिनं शंका पाठवल्या होत्या, पण त्या कागदावर. "आप्पा, तळ्यात उतरताना राक्षसाच्या कोटाची उजवी बाही फाटलेली आहे."

"असेल. पळापळीत फाटली असेल."

"जेवणाच्या वेळी ती धड आहे. आणि मग नाचताना फाटते. तिथेच, खांद्यापाशी. आपल्याला दिसते फाटताना."

फडकं थांबलं.

"कुठली बाही म्हणालीस?"

"उजवी."

"त्याची उजवी की आपल्याला दिसते ती?"

"त्याची."

 आप्पांचा हात डब्यांकडे गेला आणि वरून मोजत चौथ्यापाशी थांबला. मग पाचव्यावर गेला. मग परत चौथ्यावर. वहिनीला ते बघवेना आणि तिथून हलताही येईना.

"डबे आले तेव्हा सुरुवातीच्या पट्ट्या तुटलेल्या होत्या," ते सावकाश म्हणाले. "आकडे त्या पट्ट्यांवर असतात. माझ्याकडे सहा नागडी रिळं. मी बघून बघून लावली. म्हटलं, दंगा आधी, पंगत नंतर. सगळ्या सिनेमात तसंच असतं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "भाषा कळत नव्हती ना."

"हो."

"म्हणजे त्या लोकांनी काही ढिलाई केलेली नाही."

"नाही."

"अरेरे. चाळीस वर्षं त्यांना शिव्या घातल्या मी." त्यांनी फडक्याची घडी घातली आणि ती मांडीवर ठेवली. "कधी कळलं तुला?"

आता खोटं बोलायला वाव होता. गेल्या वर्षी, म्हणता आलं असतं. "पहिल्या वर्षी," ती म्हणाली.

"एकतीस वर्षं झाली."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मी पाटीवरचे आकडे दाखवले होते तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात."

"कुठली पाटी?" मग त्यांना आठवलं. "अगं, मी माझ्यावर चिडलो होतो. आकडे उलटे घातले म्हणून. तुझ्यावर कशाला चिडेन? तुझ्या सासूला मी त्या रात्री म्हटलं, पोरगी नजरेची पक्की आहे, आता या घरात चूक टिकायची नाही." ते थांबले. पुढचं बोलले तेव्हा आवाज खाली आला होता. "चूक दिसली तर सांगायची, हे घरच्या माणसाचं काम. पाहुणा गप्प बसतो. एकतीस वर्षं तू पाहुणी म्हणून बसलीस होय इथे?"

वहिनीला या प्रश्नाची तयारी नव्हती. वाटलं होतं ते रागावतील, किंवा मोडून पडतील. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आप्पांना ते दिसणार नव्हतं म्हणून तिनं ते पुसलंही नाही.

"आणि हसायचीस कशाला मग? तोंडदेखलं?"

"नाही. मला खरंच हसू यायचं."

"चूक माहीत असून?"

"चूक माहीत होती म्हणून जास्तच."

 आप्पांनी उतरंड उतरवली, चौथा डबा काढला, पाचव्याखाली सरकवला आणि आतल्या दारावर थाप मारली. "या सगळे," ते ओरडले. "दाराला कान लावून उभे राहू नका. आज सिनेमा बघायचाय."

पडदे ओढले. प्रोजेक्टर घरघरायला लागला. पहिली तीन रिळं नेहमीसारखीच होती. दादानं शिंप्याचं 'अयायाया' नेहमीच्या जागी केलं, धाकट्यानं दार करकरवलं, आणि टेपच्या सहा मिनिटांत ताई सगळं विसरून टेबलावर हात आपटत हसली. वहिनी राक्षसाच्या गुदगुल्या हसली. बंद खोलीत व्हिनेगरचा वास भरून राहिला होता.

मग जेवणाचा प्रसंग आला, जिथे आजवर तळं यायचं. राक्षस नव्या कोटात जिना उतरतो, धडधाकट बाह्यांनी. टेबलाशी बसतो, काटा-चमचा बघून घाबरतो, शेजारचे काय करतात ते बघून तसंच करायला जातो. मग ती म्हातारी त्याला नाचायला ओढते. वहिनीनं तोंड उघडलं आणि मिटलं. "पाण्यानं मला काही होत नाही" म्हणायला आता जागाच नव्हती. तो अजून पाण्यात गेलाच नव्हता. बाही फाटली. सगळे पाहुणे त्याच्याकडे बघायला लागले. कोटाच्या आतलं शेवाळ दिसत होतं.

मग मशाली. तळं. राक्षस पाण्यात उतरताना लोंबणारी बाही दुसऱ्या हातानं सावरून धरतो, शिंप्याचं काम खराब होऊ नये म्हणून. इतक्या वर्षांत ते कोणी पाहिलं नव्हतं, वहिनीनंसुद्धा. ती फाटलेली बाही तेवढी बघत आली होती. पाण्यावर त्याची टोपी तरंगत राहिली.

सहाव्या रिळात शिंप्याचं आणि मालकीणबाईंचं लग्न, टेबलाशी एक रिकामी खुर्ची आणि खुर्चीवर ती टोपी. इथे आप्पांचं वाक्य असे, "राक्षस आत आहे. दुसऱ्यांदा वाढून घेतोय." आज आप्पा बोलले नाहीत.  धाकट्यानं जोरात नाक शिंकरलं आणि फिल्मचं शेपूट फटफटत फिरत राहिलं.

दादानं दिवा लावला. "चांगला आहे," तो म्हणाला. "खूपच चांगला सिनेमा आहे हा."

"हो," ताई म्हणाली. "मला नाही परत बघायचा."

आप्पांनी यंत्र बंद केलं. त्यांना चित्र दिसलं नव्हतं, पण खोलीतली शांतता पुरेपूर ऐकू आली होती. "हा त्यांचा झाला," ते म्हणाले. "आता आपला लावा. तेवढे दोनच डबे. वेळ आहे."

मधले दोन डबे पुन्हा लागले, जुन्या चुकीच्या क्रमानं. राक्षस बुडाला. टोपी तरंगली. आणि लगेच तो कोरडा ठणठणीत जिना उतरून जेवायला आला. वहिनीला क्षणभर वाटलं, आता हे जमणार नाही, आता सगळ्यांनाच माहीत आहे. तिनं सासूबाईंसारखा बारीक, शांत आवाज काढला. "पाण्यानं मला काही होत नाही हो. साबणानं होतं."

धाकटा खुर्चीवरून खाली गेला. ताई हसता हसता रडायला लागली आणि दादाला मारत सुटली. आप्पा तोंडावर हात धरून हसत होते, खांदे गदगदत होते, आणि कितीतरी वेळ ते थांबेनात.

"जाऊ दे डबे," ताई डोळे पुसत म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही. पण जातील तर असेच जातील. आपल्या आकड्यांनी."

"ते लोक बदलतील क्रम," दादा म्हणाला.

"सरळ करून दाखवू देत की जगाला. खोडू नका म्हणावं आमचे आकडे."

"त्याला खूण असते," वहिनी म्हणाली. "चुकीचं दिसत असलं तरी मुद्दाम ठेवायचं असेल, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. म्हणजे तसंच ठेवा."

"मला दिसणार नाहीत ती टिंबं," आप्पा म्हणाले.

धाकट्यानं आपली हत्यारांची पिशवी ओढली. चौथ्या आणि पाचव्या डब्याचं झाकण उलटं करून त्यानं आतून, आकड्याच्या बरोबर खाली, खिळ्यानं चार-चार ठोके मारले. वर पत्र्याला उंचवटे आले. आप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला, दोनदा, आणि मान हलवली.

"आता टिपण घे," ते वहिनीला म्हणाले. "शेवटचा परिच्छेद खोड. लिही : चौथं आणि पाचवं रीळ माझ्या हातून उलटं लागलं. सिनेमा बनवणाऱ्यांची मी माफी मागतो. झालं? पुढे. ही चूक शोधणाऱ्या व्यक्तीचं नाव. तुमच्यात लिहितात ना, प्रुफं कोणी वाचली ते?"

"नाही, आप्पा. आमचं नाव कुठेच नसतं."

"इथे असेल. लिही."

तिनं आपलं नाव लिहिलं. स्वतःचंच नाव, पण तिनं ते अक्षर न् अक्षर तपासून पाहिलं.

चारला पाच कमी असताना घंटा वाजली. संग्रहालयातल्या बाई चष्मा लावलेल्या, घाईतल्या, नम्र होत्या. त्यांनी डबे हुंगले, झाकणावरच्या टिंबांवरून बोट फिरवलं आणि उभ्या उभ्याच टिपण वाचायला लागल्या. तिसऱ्या पानाच्या तळाशी त्यांची नजर थांबली.

"आणि हे शेवटचं नाव?" त्यांनी विचारलं. "या कोण?"

दादानं तोंड उघडलं, ताईनंही. पण आप्पा आधी बोलले. मान जराशी वळवून, ती जिथे उभी होती त्या बाजूला धूसर डोळे लावून त्यांनी हाक मारली. "राक्षसा, पुढे ये. बाई तुला विचारताहेत."

वहिनी पुढे झाली.